पायरी क्रमांक एक

८ जून

दादा,

‘तीर्थरूप’ लिहिलं तर म्हणशील लाडीगोडी लावतेय, आणि नाही लिहिलं तर म्हणशील मास्तरीण झाली, रीत विसरली. म्हणून नुसतं दादा.

गेल्या आठवड्यात तुला चार वेळा फोन लावला. दोनदा वाजत राहिला, दोनदा तू कापलास. कापलास म्हणजे हातपाय धड आहेत, एवढं तरी कळलं. गुडघा कसा आहे?

इकडे सगळं ठीक. संस्थेला नवा रंग दिलाय, फिकट निळा, दवाखान्यासारखा. तू होतास तेव्हा बारा हेडसेट आले होते, आता चाळीस आहेत. पोरंपोरी ते डोक्याला चढवतात आणि रिकाम्या हॉलमध्ये उभं राहून हवेत पेचकस फिरवतात. दारातून बघितलं तर चाळीस जण माशा वारतायत असं वाटतं. पण आत त्यांना अख्खं पॅनेल दिसतं. तारा, ब्रेकर, पट्ट्या, सगळं हुबेहूब. चुकलं की लाल, बरोबर आलं की हिरवी खूण आणि वर टिंग. एकच जोडणी दोनशे वेळा करा, तार वाया जात नाही, कुणाला चटका बसत नाही. तू म्हणायचास, गादीवर पोहायला शिकवताय. तर सांगते, या गादीवर आमचा निकाल सत्त्याण्णव टक्के लागला.

तुझ्या वर्कशॉपला कुलूप आहे. मीच लावलं होतं. ‘प्रात्यक्षिक निदेशकाची आता गरज नाही’ या कागदावरही सही माझीच होती, आणि ते तुला माहीत आहे. एकोणीस वर्षं तू तिथे शिकवलंस. मला वायर सोलायला तूच शिकवलंस. त्यावर आज काही लिहीत नाही.

बरं, भिंगरी कुठे असते आता? तिचा नंबर बदललाय. तिला प्रवेश घेताना पालक म्हणून मी सही केली, त्यावरून तू पेटलास, ते समजू शकते. पण तुझी पोरगी पास झाली ना, पहिल्या पाचात. ऐकलं की एका कारखान्यात लागलीये. कुठला कारखाना? पॅनेल उघडायचं काम तिच्याकडे असतं की नुसते पंखे-दिवे? टेस्टर जवळ ठेवते ना? सहज विचारतेय.

उत्तर दे. नंबर दिलास तर जास्त बरं.

तुझी
मास्तरीण

१३ जून

दादा,

पत्र परत आलं. पाकिटावर पोस्टमनच्या अक्षरात ‘घेण्यास नकार’. दोन वर्षांत तुझ्याकडून आलेला हा पहिला निरोप, आणि तोही दुसऱ्याच्या हातचा.

तू ते वाचलं नाहीस हे बरंच झालं. त्यात मी ‘सहज’ लिहिलं होतं. सहज काहीच नव्हतं. चोराच्या मनात चांदणं.

काय झालं ते सांगते. या महिन्याच्या दोन तारखेला पहिल्या बॅचचा एक माजी विद्यार्थी भेटायला आला. त्याचा पहिला नंबर आला होता, म्हणून मुलं त्याला अजून ‘पयला’ म्हणतात. उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी. मी आपली नेहमीच्या थाटात, “काय रे, गाडीवरून पडलास का?”

“नाही मॅडम. पॅनेल.”

“कसं काय?”

“झाकण उघडलं आणि हात घातला.”

“मेन बंद केला नव्हतास?”

दादा, तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मीच काहीतरी विचित्र विचारलं. म्हणाला, “बंदच असतो ना मॅडम.”

“कोणी सांगितलं तुला?”

“सांगितलं असं नाही. आपल्याकडे असायचा ना बंद. पॅनेल उघडलं की वर हिरवी खूण असायची.”

मी त्याला पाणी दिलं. त्याने डाव्या हाताने घेतलं. दोन बोटांना अजून जाण आलेली नाही. वर माझीच माफी मागत होता, की मॅडम, तुमचं नाव घालवलं. गेला तेव्हा मी दारापर्यंतसुद्धा गेले नाही.

मग मी हॉलमध्ये गेले आणि एक हेडसेट स्वतः डोक्याला लावला. धडा सुरू झाला. पॅनेल समोर आलं आणि डाव्या कोपऱ्यात ‘पायरी क्रमांक एक’ समोर आधीच हिरवी खूण होती. पायरी एक म्हणजे काय ते तुला सांगायला नको. मेन बंद करा, कुलूप लावून पाटी अडकवा, टेस्टरने तपासा. त्यातलं मी काहीच केलं नव्हतं. यंत्राने माझ्या वतीने करून टाकलं होतं.

सेटिंग उघडलं. तिथे एक ओळ आहे, ‘पायरी एक आपोआप पूर्ण करा’. तिच्यापुढे टिक होती. चाळीसच्या चाळीस हेडसेटमध्ये. कंपनीची माणसं बसवायला आली होती तेव्हा त्यांच्याकडून राहून गेली असणार.

तीन बॅचेस बाहेर पडल्यात, दादा. एकशे बारा जण. भिंगरी दुसऱ्या बॅचला होती. म्हणून तिचा नंबर पाहिजे. माझ्याशी बोलू नकोस, शिव्या घाल, पण नंबर दे.

मास्तरीण

१८ जून

दादा,

दुसरंही परत आलं. आता तू वाचणार नाहीस हे धरूनच लिहितेय, त्यामुळे खरं लिहायला सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही होत नाहीये. सकाळपासून तीन कागद फाडले.

ती टिक कंपनीने ठेवली नव्हती. मी केली.

पहिल्या बॅचच्या दुसऱ्या महिन्यातली गोष्ट. हेडसेटमध्ये पॅनेल समोर असतं आणि मेन स्विच पाठीमागच्या भिंतीवर. पायरी एक करायची तर पूर्ण मागे वळायचं, खाली वाकायचं, परत फिरायचं. नव्या माणसाला त्यात गरगरतं. एक पोरगी ओकली. दुसऱ्या दिवशी दोघं. काही जण वळायचे पण स्विच त्यांना सापडायचाच नाही, मग यंत्र तिथेच लाल होऊन त्यांना नापास करायचं. अडतीसपैकी अकरा जण पहिल्याच पायरीवर अडकून बसले. पुढचं काही शिकेनात. आणि तपासणी आठ दिवसांवर आलेली.

मी म्हटलं, आठ दिवस ही पायरी बाजूला ठेवू. जोडणी तर शिकू देत. तपासणी झाली की टिक काढू आणि पायरी एक पुन्हा नीट घेऊ. टिक करताना मला जराही भीती वाटली नाही. उलट मोकळं वाटलं. दुसऱ्याच दिवशी हॉलमध्ये सगळीकडे टिंग टिंग सुरू झालं, पोरं हसायला लागली. तपासणीसाहेब पाठ थोपटून गेले. आणि मी विसरले. दीड वर्ष विसरले.

तू असतास तर विसरला नसतास, हे मला माहीत आहे. तू बोर्डापुढे पोरांना हात पाठीमागे बांधून उभं करायचास, आणि एकेकाकडून मोठ्याने म्हणवून घ्यायचास, “बंद केलं, कुलूप लावलं, तपासलं.” बाहेरचे पाहुणे आले की मला त्याची लाज वाटायची. बालवाडी वाटते म्हणाले होते मी तुला. आठवतं?

मला भीती कसली वाटते ते सांगते. ही मुलं बेफिकीर नाहीत. बेफिकीर माणसाला दरडावता येतं. यांनी एकेक जोडणी दोनशे-दोनशे वेळा केलीये, आणि दोनशेही वेळा समोरचं पॅनेल मेलेलंच होतं. झाकण उघडलं म्हणजे आत वीज नाही, हे त्यांना पाठ झालेलं नाही, अंगात भिनलंय. यांच्याएवढा सराव तुझ्या पोरांनी कधी केला नव्हता. आणि कागदी परीक्षेत मेन आधी बंद करावा हे सगळ्यांनी बरोबर लिहिलं, कारण डोक्याला ते माहीतच आहे. पण पॅनेलमध्ये डोकं कोण घालतंय, हातच जातो.

रजिस्टर घेऊन फोन करत सुटलेय. आजपर्यंत एकशे बारापैकी त्रेपन्न झाले. बरेच जण हसतात. “हो हो मॅडम, करतो की बंद.” मी विचारते, “काल केला होतास?” मग पलीकडून विषय बदलतो. अशा नावापुढे मी फुली मारते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लावते.

प्राचार्यांनी बोलावून घेतलं. दार लावून म्हणाले, “मॅडम, एक मुलगा भाजला तर तो अपघात. तुम्ही एकशे बारा फोन केलेत तर तो घोटाळा.” मी म्हटलं, “सर, दुसरा मेला तर?” ते म्हणाले, “तर तो त्याच्या मालकाचा प्रश्न. तुम्ही आधी प्रमाणपत्रांवरच्या तुमच्या सहीचा विचार करा.” केला विचार. खोटं कशाला बोलू, अख्खी दुपार केला. त्या दुपारी एकही फोन केला नाही.

भिंगरीपर्यंत पोहोचायला तुझ्याशिवाय वाट नाही. तिच्याबरोबरच्या सहा जणींना विचारलं, कुणाकडे नवा नंबर नाही. आत्याशी बोलायचं नाही या अटीवरच तू तिला नोकरीला जाऊ दिलंस, असं एकीने सांगितलं. माझ्या माघारी पोरीने शब्द पाळला. आता तेच माझ्या जिवावर उठलंय.

हे पाकीटही परत येणार. काहीतरी दुसरं केलं पाहिजे.

१९ जून
(उघडं कार्ड)

दादा, हे कार्ड आहे. नाकारायच्या आधी नजर पडतेच. पोस्टमनदादा, त्याने घेतलं नाही तर कृपा करून दारातच मोठ्याने वाचून दाखवा.

भिंगरीला मेन बंद करायची सवय नाही. ती सवय तिला लागलीच नाही, कारण शिकवण्याच्या यंत्रातून मी ती पायरी काढून टाकली होती. चूक पूर्ण माझी. तिला आजच्या आज फोन कर आणि सांग, समोरचं प्रत्येक पॅनेल जिवंत आहे.

२८ जून

दादा,

तुझं कार्ड पंचवीसला मिळालं. पालथं केलं, उलटं केलं, उजेडात धरलं. वर माझा पत्ता, मागे भिंगरीच्या कारखान्याचा. नमस्कार नाही, शिवी नाही, सही नाही. शिवी असती तर बरं वाटलं असतं. तरी तुझं अक्षर बघून मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं, हे तुला सांगून ठेवते.

काल गेले होते. दोन बस बदलल्या. पुठ्ठ्याची खोकी बनवायचा कारखाना आहे. आत सगळीकडे खळीचा वास आणि असा आवाज की माणसाने कानाशी येऊन ओरडावं. भिंगरी निळ्या डगल्यात आली. बारीक झालीये. मला बघून आधी दोन्ही बाजूंना बघितलं, मग मिठी मारली.

“आत्या, बाबांचा फोन आला होता. म्हणाले, मेन बंद करत जा. मी म्हटलं बरं. मग म्हणाले, बरं नाही, करत जा. आणि ठेवला.”

“करतेस?”

“हो.”

“खरं सांग.”

“करते गं आत्या.”

माझा विश्वास बसेना. प्रत्येक जण ‘करते’ म्हणतो. मी म्हटलं, मला दाखव तू काम कसं करतेस. जेवणाची सुट्टी होती, यंत्रं थांबलेली. ती मला मागच्या खोलीत घेऊन गेली. भिंतीला पॅनेल, झाकण उघडं, पुढे दोरी बांधलेली. सकाळी त्यात काहीतरी काम निघालं होतं, म्हणाली. मी बघायला वाकले. एक जोडणी मला सैल दिसली. तुला माझी सवय माहीत आहे, दिसली चूक की दाखव बोट. म्हणाले, “ही बघ, ही पट्टी कुणी…” आणि बोट आत नेलं.

तिने माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की आज तिथे निळं झालंय.

“आत्या. चालू आहे.”

दादा, सव्वीस वर्षं मी हा विषय शिकवतेय. तिथे मी गेले होते तेच सांगायला. बस बदलताना, तिकीट काढताना, दारावर वहीत सही करताना, दिवसभर माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. आणि माझा हात मला न विचारता गेला. दोन वर्षं मीही त्याच हॉलमध्ये रोज चार तास तेच मेलेलं पॅनेल उघडतेय ना. सवय माझ्यातूनही निघून गेली होती आणि मला पत्ता नव्हता. पोरांबद्दल मी तुला इतकं लिहिलं. स्वतःला त्यात धरलंच नव्हतं.

मी खाली एका खोक्यावर बसले. तिने दार लावून घेतलं. मी म्हटलं, “बाबांनी शिकवलं ना तुला लहानपणी? म्हणून तुझा हात थांबला.”

“बाबांनी? बाबांनी मला घरातला फ्यूजसुद्धा बदलू दिला नाही कधी.”

मग तिने डगल्याची बाही वर केली. कोपराच्या वर, आतल्या बाजूला, रुपयाएवढा डाग. नोकरीच्या तिसऱ्या दिवशीचा. शिडीवरून मागे फेकली गेली आणि खाली पुठ्ठ्याचे गठ्ठे होते म्हणून वाचली. तुला सांगू नको म्हणाली आहे. सांगतेय. रागावशील तर माझ्यावर रागाव.

“मला का नाही सांगितलंस? मला नाही तर संस्थेला?”

“काय सांगणार? मी पहिल्या पाचात आलेली. मला वाटलं, चूक माझीच.”

पयल्यालाही तसंच वाटलं होतं. प्रत्येकाला वाटतंय की चूक एकट्याची आहे, म्हणून कुणी कुणाला सांगत नाही. मग असे किती जण बाही खाली ओढून फिरतायत? फोनवर ‘हो मॅडम’ म्हणणाऱ्यांत किती?

मी तिला सेटिंगमधली ती ओळ आणि एकशे बारा फोनांचं सगळं सांगितलं. तिने विचारलं, “ती टिक कुणी केली, आत्या?”

कंपनीवाल्यांनी, हे उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. तुलासुद्धा ते एकदा लिहून झालंय. पण माझ्या मनगटावर तिची बोटं उमटलेली होती अजून. मी म्हटलं, “मी.”

सुट्टी संपल्याचा भोंगा झाला. ती उठली, बाही खाली केली आणि म्हणाली, “यादी आणलीयेस का? अर्धी मला दे. मास्तरांचा फोन कोण उचलतं? माझा उचलतील.”

आधीची सगळी पत्रं या पाकिटात घातली आहेत. हे नाकारू नकोस.

३ जुलै, रविवार

दादा,

यादी तुला फोनवर पाठवलीच आहे. हे पत्र वेगळ्या कारणासाठी. फोनवर तू ‘हं’च्या पुढे जात नाहीस आणि मला शुक्रवारचं सगळं कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

गुरुवारपर्यंत भिंगरी आणि मी मिळून एकशे तीन जण गाठले होते. राहिले नऊ. शुक्रवारी, एक तारखेला, सकाळी दहाला त्यांतल्या एकीचा फोन लागला. तिसऱ्या बॅचची. वर्गात तोंडातून शब्द काढायची नाही म्हणून तिला सगळे ‘गुपचूप’ म्हणायचे. फोन आईने उचलला.

“ती कामावर गेलीये. फोन घरीच ठेवून गेली. तिथे चालत नाही म्हणे.”

“कुठल्या कामावर?”

“वायरिंगच्याच. आजच लागली ना! पहिलाच दिवस.”

गाव तुझं निघालं. पाण्याच्या टाकीमागे जी नवी इमारत होतेय, तिथे. ठेकेदाराचा नंबर आईला माहीत नव्हता. माझ्यापासून चार तास, तुझ्या घरापासून दहा मिनिटं.

मी तुला लावला. तू कापलास. पुन्हा लावला, पुन्हा कापलास. तिसऱ्यांदा उचललास आणि काही बोललाच नाहीस. नुसता तुझा श्वास ऐकू येत होता. मी काय बरळले ते मला नीट आठवतसुद्धा नाही. टाकीमागची इमारत, पोरगी, पहिला दिवस, तिला मेन माहीत नाही, असं काहीतरी. आणि माझं बोलणं संपायच्या आत फोन बंद झाला.

तू निघालास की चिडून ठेवलास, हे मला कळायला मार्ग नव्हता. पुन्हा लावावा तर तू गाडी चालवत असशील. न लावावा तर तू घरात पेपर वाचत बसला असशील. बाहेर हॉलमध्ये चौथी बॅच माझी वाट बघत उभी. मधेच त्या आईचा फोन आला, “मॅडम, तुम्ही असं का विचारलंत? सगळं नीट आहे ना?” मी म्हटलं, “हो, सहजच.” हा शब्द मला कुठे कुठे तोंडावर पाडणार आहे कोण जाणे. फोन ठेवल्यावर मी टेबलाशी उभी राहून घड्याळाकडे बघत राहिले.

एक तास दहा मिनिटं झाली आणि तुझा फोन आला. दोन वर्षांनी ऐकलेला तुझा आवाज. म्हातारा झालाय रे.

“चौथ्या मजल्यावर होती,” तू म्हणालास.

“आणि?”

“झाकण उघडलेलं होतं.”

“उघडलेलं म्हणजे? दादा, हात?”

“माझ्यासमोर बसलीये. चहा पितेय.” मग, “बाकीच्यांची नावं पाठव.”

मी हो म्हणायच्या आत तू ठेवलास. तिथेच जमिनीवर बसले, साडीला सगळी धूळ लागली. पोरंपोरी दारातून बघत होती.

त्या चौथ्या बॅचच्या हेडसेटमधली टिक मी काढलीये. परत मागे वळतात, परत ओकतात. हॉलमध्ये दोन बादल्या ठेवल्यात. ओकतात तर ओकू देत. वर्कशॉपचं कुलूपही काढलं. आठवड्यातून तीन दिवस खऱ्या बोर्डापुढे उभं करते. त्यांच्या रांगेत मीही हात मागे घेऊन उभी राहते आणि मोठ्याने म्हणते. पोरं हसतात. मी काय केलं ते प्राचार्यांना सहीनिशी लिहून दिलं, त्यांनी मला खुलासा मागणारा कागद दिला. नोकरी जाईल बहुतेक. त्याची भीती वाटते, पण तिचा नंबर बराच खाली आहे. तू येऊन शिकव असं म्हणायला माझं तोंड नाही. म्हटलं नाही असंच समज.

आठ नावं राहिलीत. काल दिवसभर मी आणि भिंगरी लावत होतो. तिघांचे फोन बंद आहेत, दोघांचे पत्ते जुने, एकाचा नंबर आता दुसऱ्याच माणसाकडे आहे, बाकी दोघं नुसते वाजतात. तुझ्या ओळखीचे जेवढे ठेकेदार आहेत तेवढ्यांना आजच विचार, जेवायला बसला असशील तर उठून विचार. उद्या सोमवार आहे, दादा. सोमवारी माणसं नव्या कामावर लागतात.